खोकल्यात जोर नाही, कफ घशाशी अडकतो: घरी मदत कशी करायची?

खानापूरकर
धाकट्या भावाला ड्युशेन (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे, वय १९, व्हीलचेअरवर असतो. पावसाळ्यात सर्दी ठरलेलीच. तपासणीत पीक फ्लो मीटरला (हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजायचं साधन) मास्क लावून खोकल्याचा जोर मोजला, १९० आला. पोटावर दाब देऊन खोकवायला शिकवलंय, पण बेडका वर येऊन परत खाली जातो. जांबोटीच्या आतल्या गावातून रात्री बेळगाव गाठणं सोपं नाही. चुकतंय कुठं?

फिजिओ_टिळकवाडी
१९० म्हणजे मिनिटाला १९० लिटर. धडधाकट मोठ्या माणसाचा साधारण ३६०च्या वर असतो. २७०च्या खाली साधी सर्दीही छातीत उतरू शकते, १६०च्या खाली कफ जवळजवळ निघतच नाही. सर्दीत आकडा आणखी घसरतो, म्हणून बरा असतानाच रोज सराव ठेवा.

चूक बहुतेक दाबण्यात नाही, त्याआधीच्या श्वासात आहे. छातीत हवाच नसेल तर दाबून बाहेर काय येणार? डॉक्टरांना विचारून अंबू बॅगेनं (हातानं दाबून छातीत हवा भरायची पिशवी) श्वास साठवायला शिका. खुर्चीचे ब्रेक लावा, डोकं टेकवा. त्यानं श्वास घेऊन धरायचा, मास्क घट्ट लावून तुम्ही बॅग हळू दाबायची. तोही श्वास न सोडता त्यावर दुसरा, मग तिसरा. छाती भरली की त्यानं डोळ्यांनी खूण करायची. मास्क काढा, ‘खोक’ म्हणा आणि खोकला सुटतो त्याच क्षणी दाबा. आधी दाबलं तर घसा मिटलेला असतो, उशीर झाला तर हवा निघून गेलेली असते. तळहाताची टाच बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली. दिशा आत आणि वर. तीन-चार खोकले झाले की विसावा द्या.

छातीच्या मधल्या हाडाच्या टोकावर हात नको. स्टेरॉइड चालू असेल तर हाडं ठिसूळ असतात, बरगड्यांवरही जोर नको. जेवणानंतर दीड तास तरी थांबा. पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर बॅग लावूच नका, आधी डॉक्टरांना सांगा.

खानापूरकर
बॅगेची हवा धरता येत नाही त्याला, लगेच निसटते.

आयसीयू_नर्स_निपाणी
आधी गळती बघा, मास्क नाकाच्या हाडापाशी उचललेला असतो. माउथपीस वापरत असाल तर नाकाला क्लिप लावा. तरीही धरवत नसेल तर घसा नीट मिटत नाही. मग बॅग आणि मास्कच्या मधे एकेरी व्हॉल्व्ह बसवून घ्यावा लागतो. अशा बॅगेवर ‘श्वास साठवण्यासाठीच’ असं मराठी आणि कन्नड दोन्हीत मोठ्या अक्षरांत लिहा. १०८ आली आणि घाईत कुणी तीच बॅग बेशुद्ध पेशंटला लावली तर हवा आत जाईल, बाहेर येणार नाही.

श्वसनविभाग
घरात ऑक्सिमीटर हवाच. ऑक्सिजन न लावता ९५च्या खाली गेला की खोकवायच्या फेऱ्या सुरू करा. आकडा वर येत नसेल, ताप असेल किंवा तो गुंगीत जात असेल तर थांबू नका, दवाखान्यात हलवा. नुसता ऑक्सिजन लावून ठेवू नका! आकडा छान दिसतो, कफ तिथंच राहतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो.

कफ असिस्ट मशिनबद्दल (छातीत हवा भरून लगेच बाहेर ओढणारं, खोकायला मदत करणारं मशिन) आत्ताच विचारून ठेवा. मोठ्या पेशंटला बऱ्याचदा अधिक ४० ते उणे ४० सेंटीमीटर पाण्याइतका दाब लागतो, पण सुरुवात कमी दाबानं आणि डॉक्टरांसमोरच. मशिन आलं तरी हातानं खोकवायचा सराव सोडू नका, जोराच्या पावसात करंट गेला तर तेच हाताशी राहतं.