मराठी सिनेमाचा प्रेक्षक आधीच कोण ठरवून टाकतं?

शेवटची_रांग
गेल्या महिन्यात आईला एका नव्या मराठी सिनेमाचा ट्रेलर दाखवला. मिनिटभर बघून म्हणाली, "पोराटोरांचा दिसतोय, तू जाऊन ये." एकटाच गेलो. सिनेमा निघाला एका आजोबांचा. गावची जमीन, भाऊबंदकी, तलाठ्याकडच्या चकरा, सगळं आईच्या ओळखीचं. ट्रेलरमध्ये हे आजोबा किती? दोन सेकंद, तेही पाठमोरे. बाकी बुलेट, कॉलेजचा कट्टा आणि एक गाणं. आठवड्यात सिनेमा उतरला. पोरं आली ती फसल्यासारखी बाहेर पडली, आणि ज्यांना आवडला असता त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

हल्ली कथेच्या आधी 'हा कुणासाठी' ते ठरतं असं दिसतंय. खण ठरलेले: बायकांचा ग्रुप, शिवप्रेमी, कॉलेजची पोरं, आणि उरलेला माल महोत्सवांना. ज्याला मोजणं सोपं, तो प्रेक्षक. मग 'सैराट' कुठल्या खणात बसत होता? करमाळ्याकडची गोष्ट, दोन्ही चेहरे नवे, शेवट असा की थिएटरात कुणी उठेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला, आणि २९ एप्रिलला इथे लागल्यावर गावोगाव मध्यरात्रीचे खेळ लावायची वेळ आली. बर्लिन आणि अकलूज एकाच खणात कोणी टाकले असते?

लेडीज_स्पेशल
'बायकांचा ग्रुप' हे तुम्ही नाक मुरडून लिहिलंय, म्हणून उत्तर देतेय.

'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला. सहा बहिणी आणि मंगळागौर. आमच्या सोसायटीतल्या अकरा जणी गेलो, नऊवारी नाहीतर काठापदराची साडी आणि वर गॉगल. त्यात चौघी अशा की लग्नानंतर नवऱ्याशिवाय थिएटरात पाऊल टाकलेलं नाही. या बायका त्याआधीही होत्याच की! त्यांना कोणी विचारत नव्हतं. सिनेमावाल्यांनी पहिल्यांदा 'हा तुमचा' म्हटलं तर तुम्हाला तो खण वाटतो?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये दुपारचे, आडवेळेचे शो मिळतात ही जुनी रड. पण दुपारी बारा ते तीन घरातल्या बाईला मोकळं असतं. मुलं शाळेत, नवरा कामावर. जो शो रद्दी म्हणून दिला जातो तोच आम्ही भरला. याला मी प्रेक्षक ओळखणं म्हणते.

शेवटची_रांग
नाक मुरडलं नाही हो. बायकांच्या सहलीचा 'झिम्मा' मी दोनदा पाहिलाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये थिएटरं नुकतीच उघडलेली, निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी, तेव्हा तो चालला. माझा राग नंतरच्या रांगेवर आहे. एक चाललं की पुढची चार वर्षं प्रत्येक पोस्टरवर पाच बायका हसत उड्या मारताना.

पोस्टर_चिकटवणारा
सहा वर्षं मराठी सिनेमांच्या प्रसिद्धीचं काम केलंय, आता सोडलं. तेव्हा दोन्हीकडच्या शिव्या खायला हरकत नाही.

निर्मात्याकडे प्रसिद्धीचे पैसे किती उरलेले असतात याची कल्पना इथे कुणालाच नाही. सगळ्यांना सांगायचं म्हटलं तर कुणालाच ऐकू जात नाही. त्यात वेळ नाही. शुक्रवारी लागतो, रविवारी रात्री आकडे बघून सोमवारचे शो कमी होतात. आजोबांचा सिनेमा 'हळूहळू तोंडोतोंडी पसरेल' हे खरं, पण तोंडोतोंडी पसरायला दहा दिवस लागतात आणि आपल्याला मिळतात तीन. पहिल्या तीन दिवसांत पटकन उठून येतो कोण? पोरं. म्हणून ट्रेलरमध्ये बुलेट. अप्रामाणिक आहे, मान्य. मी स्वतः असे दोन ट्रेलर कापून घेतलेत आणि दोन्ही सिनेमे पडले.

'सैराट'ला कोणी ओळखलं नव्हतं हे मात्र भाबडेपण आहे. सिनेमा यायच्या कितीतरी आधी अजय-अतुलची गाणी वरातीत वाजायला लागली होती, पाठीशी झीसारखी कंपनी होती. गाणं हेच तिथलं निमंत्रण. ज्याला ट्रेलर बघायचा कंटाळा त्यालाही डीजेवरचं गाणं चुकत नाही.

शिवकाळाचंही तेच. 'पावनखिंड' १८ फेब्रुवारी २०२२ ला का आला? कारण दुसऱ्या दिवशी शिवजयंती. मंडळं, शाळा, ढोलपथकं सगळी आधीच जागी. एक रुपया न टाकता निम्मी जाहिरात होते. यात वाईट काय?

तंबूतला_पंखा
तुमचं चालू द्या. आमच्या तालुक्यात दोन थिएटरं होती, एकाचं मंगल कार्यालय झालं, दुसऱ्यात खताचं गोडाऊन. सिनेमा बघायचा तर ४० किलोमीटर जिल्ह्याला. पेट्रोल, चौघांची तिकिटं, वर पॉपकॉर्न. दोन हजाराची नोट असती तर मोडली असती.

लहानपणी जत्रेत तंबू यायचा. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. 'माहेरची साडी' आमच्या आईनं तिथं बघितला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पंधरा-वीस बाया गेल्या होत्या आन रडून डोळं लाल करून आल्या. तवा कुठल्या कंपनीनं ग्रुप बुकिंग केलं होतं? तंबूवाल्याला बराबर ठाऊक असायचं कुठल्या जत्रेला काय लावायचं. त्याला कागद लागत नव्हता. लेडीज_स्पेशल ताई, तुमची मंगळागौर शहरात आत्ता आली, आमच्याकडं १९९१ ला होऊन गेली.

लालबागकर
वरच्या प्रतिसादाला सलाम. पण आपल्याकडे प्रेक्षक ओळखण्यात खरा वस्ताद एकच, दादा कोंडके. स्वतः गिरणगावातला. कामगाराला पाळी संपल्यावर काय हवं असतं, कुठल्या वाक्याला तो शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो, हे त्यांना सेवादलाच्या कलापथकापासून आणि वगनाट्यापासून पाठ. १९७१ च्या 'सोंगाड्या'ला कोहिनूर थिएटर मिळेना तेव्हा शिवसेना उभी राहिली, तोही प्रेक्षकच होता, जरा हात उगारून आलेला!

पण बघा, १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, हळूहळू चाळ गेली, आणि तो प्रेक्षक वसई-विरार-बदलापूरला पांगला. भारतमातासारखं थिएटर परवडणाऱ्या तिकिटात मराठी सिनेमे दाखवायचं, त्याच्या आजूबाजूला आता टॉवर आहेत. आता प्रेक्षक वयावर, कपड्यावर, मोबाईलवर ओळखतात. खिशावर कोणी बोलत नाही. शंभराच्या आतलं तिकीट आणि वरचं तिकीट यांवर सरकार वेगळा जीएसटी लावतं, म्हणजे सरकारला दोन प्रेक्षक दिसतात. सिनेमावाल्यांना एकच दिसतो, तीनशेवाला.

पोस्टर_चिकटवणारा
तिकिटाचा दर निर्माता ठरवत नाही, लालबागकर. तो थिएटरवाल्यांचा. आपण फक्त विनवणी करायची.

लालबागकर
मग विनवणी जोरात करा! २०१५ ला मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा म्हणून सरकारनं नियम काढलाच ना? संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, आरडाओरडा झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ केलं. म्हणजे परत दुपार गळ्यात. दराचं मात्र कोणी बोललं नाही.

कडक_चहा_सॅन_होजे
इकडचं, अमेरिकेतलं, थोडं. आमच्याकडे मराठी सिनेमाची जाहिरात म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज. शनिवारी दुपारी एक शो, बहुतेक तेवढाच. सिनेमा कुठलाही असो, तीच माणसं येतात, कारण नंतर कुणाकडे तरी मिसळ असते. आमच्यासाठी वेगळा सिनेमा काढायची काही गरज नाही, मराठी ऐकू आलं की पुरे. मात्र सबटायटल टाका, मुलं मध्येच 'भाऊबंदकी म्हणजे काय' विचारतात आणि आम्हालाही नीट सांगता येत नाही.

शेवटची_रांग
पोस्टरवाले, तीन दिवसांचं गणित मला माहीत नव्हतं. पटलं. पण त्यातूनच माझा मुद्दा उभा राहतो की. तीन दिवसांत जो येऊ शकतो त्याच्यासाठीच ट्रेलर, मग त्याच्यासाठीच पोस्टर, मग त्याच्यासाठीच पुढची कथा. आई येते दहाव्या दिवशी. तिला आधी शेजारच्या काकू सांगणार, मग पावसाचा अंदाज बघणार, मग गुडघ्याचा. तोवर शो उरतो सकाळी नऊचा, तोही दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये.

पोस्टर_चिकटवणारा
आईंसारख्यांसाठी एकच जागा होती, टीव्ही. एकेकाळी दर नव्या सिनेमाची मंडळी सोमवार-मंगळवार 'चला हवा येऊ द्या'च्या थुकरटवाडीत हजर असायची. जेवताना घरातले सगळे एकदम बघायचे, आजी, नातू, सून. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा फोन आणि प्रत्येक फोनला वेगळा ट्रेलर. आईंच्या फोनवर बहुधा आलाच नसेल, तुम्ही दाखवला म्हणून दिसला.

शेवटची_रांग
खरंय. तिच्या फोनवर फक्त गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती येतात.

लेडीज_स्पेशल
तुम्ही कुठे राहता ते माहीत नाही, पण ठाण्याच्या आसपास असाल तर आईंना आमच्याबरोबर पाठवा. पुढच्या बुधवारी दुपारी साडेबाराचा शो, बारा तिकिटं काढणार आहोत, एकीची नणंद येतेय म्हणून ती गळली. गाडी दारात येईल, गुडघ्याची काळजी नको.

शेवटची_रांग
कळव्यात राहतो. विचारतो तिला. कुठला सिनेमा?

लेडीज_स्पेशल
ते अजून ठरायचंय. साड्या ठरल्यात, जांभळ्या.