मदत हवी आहे: घाटात पळतो, पण मुंबईत दम संपतो

नमस्कार मंडळी. वय 47, मुक्काम सातारा. रोजचा सराव यवतेश्वरच्या घाटात, कारण आमच्याकडे सपाट असं आहेच काय! सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली, म्हणून यंदा अंगात आलं आणि मुंबईतल्या शर्यतींच्या मागे लागलो. तीन 10 किलोमीटरच्या झाल्या, जानेवारीत 21.1 बाकी आहे.

तिन्ही वेळा तेच. आदल्या संध्याकाळची एसटी, मुलुंडला मावसभावाकडे जेमतेम तीन तास झोप, आणि सहाव्या किलोमीटरला पाय मणामणाचे. डिसेंबरात तर पोटरीत असा गोळा आला की पाणी वाटणाऱ्या पोरानंच धरून फुटपाथवर बसवलं. टोपीवर मिठाचे पांढरे नकाशे. इथे घाम वाळतो, तिथे नुसता निथळतो. सुरुवातीला जोरात सुटतो, तेही कबूल.

शिवाय घाट उतरताना उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते. चढताना काही नाही. बूट 900 किलोमीटर चाललेत (बायको म्हणते, बूट बदला नाहीतर छंद).

साताऱ्याचं कुणी मुंबईत पळतं का? दमट हवेसाठी काय करता, मीठ-साखर-पाणी कधीपासून घेता? जानेवारीच्या शर्यतीतल्या पेडर रोडच्या चढाला घाट कामी येईल, पण पहाटे वाहनं कमी असलेला पाच-सहा किलोमीटरचा सपाट रस्ता साताऱ्यात कुठे आहे? आणि घाट चढून खाली गाडीनं यावं का? हसू नका, खरंच विचारतोय.