वाटीभर म्हणजे नक्की किती? बाळाच्या वरच्या खाण्याचे अनुभव

सोनचाफा

काल आईकडे माळ्यावरची ट्रंक काढली. रविवारी भाचीचं उष्टावण आहे, म्हणून माझी चांदीची वाटी शोधत होते. सापडली, पार काळी पडलेली. आणि तिच्याखाली लेकीची पिवळी प्लास्टिकची वाटी. काठावर तिच्या पहिल्या दोन दातांच्या बारीक खुणा अजून तशाच. लेक आता अकरा वर्षांची आहे. मी तिथेच ट्रंकेपाशी बसून राहिले.

ती नऊ महिन्यांची असतानाचे दिवस मला आठवले की अजून पोटात खड्डा पडतो. "एवढ्या वयाचं बाळ वाटीभर खातं" असं सगळे म्हणायचे. आई म्हणायची, "तू उष्टावणापासून वाटी चाटूनपुसून खायचीस." म्हणून मी आमटीची स्टीलची वाटी काठोकाठ मऊ खिचडीने भरायचे, दिवसातून तीनदा. ती सहा-सात घास खायची आणि मान फिरवायची. मग गॅलरीतली कबुतरं, मिक्सरचं भांडं वाजवणं, एकाने हसवायचं आणि दुसऱ्याने चमचा आत सारायचा. एक घास काऊचा, एक चिऊचा, करता करता पाऊण तास.

एका दुपारी तिने सगळं माझ्या मांडीवर उलटून टाकलं. ते पुसून मी पुन्हा चमचा उचलला, तर तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. चमच्याला घाबरली होती ती. माझ्या हाताला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, वाटी घेऊन या. वाटीत पाणी भरून मापात ओतलं तर बरोबर २५० मिली. लेकीचं वजन साडेसात किलो. त्यांनी सांगितलं, या वयात पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे तिचं सगळं पोट सव्वादोनशेचं. आणि मी अर्ध्या तासापूर्वी दूध पाजून वर अडीचशे भरत होते! "हीच वाटी ठेवा, पण अर्धीच भरा. दुधानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. तिने तोंड मिटलं की तुम्ही थांबा."

तुमच्याकडे कसं होतं? मनात येईल ते लिहा, मला खरंच वाचायचंय.

मेतकूटभात

आमच्याकडे बरोब्बर उलटं. वाटी रिकामी झाली की हा भोकाड पसरायचा. आणखी हवं! घरात सगळे म्हणत बाधेल, पोट फुगेल, देऊ नको. मी गुपचूप स्वयंपाकघरात नेऊन अजून चार चमचे भरवायचे. कधी काही बाधलं नाही. भूक त्याची होती ना.

घाटमाथा

सोनचाफा, ते तोंडावर हात घेतलेलं वाचून डोळ्यात पाणी आलं गं. माझा अजूनही चमचा बघून पळतो, दीड वर्षाचा आहे. सासूबाईंचं "आमच्या वेळी" रोज ऐकते. कुकर झाला, नंतर सविस्तर लिहिते.

ताई_जव्हार

मी अंगणवाडी सेविका आहे, चौदा वर्षं झाली. वाटीचा घोळ आमच्याकडे रोजचा. कुणाची वाटी दीडशेची, कुणाची तीनशेची, आणि सगळ्या सांगतात "वाटीभर खातो". म्हणून अन्नप्राशनाच्या दिवशी मी मापाची अडीचशेची वाटी सगळ्यांच्या हातात फिरवते. सहा महिने पूर्ण झाले की सुरुवात दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिने अर्धीच वाटी, पण तीन-चार वेळा, आणि मधे केळं वगैरे. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू.

पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती घट्टपणाची. एक बाई दोन महिने लेकराला डाळीचं पाणी पाजत होती. वाटी वाटी पीत होतं ते. वजन काट्यावर ६.१, पुढच्या महिन्यात ६.२. पोट भरत होतं, पण पाण्यानेच. मी तिच्या घरी गेले, तिच्याच पातेल्यातली खालची डाळ काढली, भात कुस्करला, वरून अर्धा चमचा तेल घातलं. चमचा तिरका केला तर घास चटकन ओघळता कामा नये, एवढं घट्ट. लेकराने आधी तोंड वाकडं केलं, मग चाटायला लागलं. पुढच्या वजनाला ६.७ भरलं. मी आणि ती दोघी काट्यापाशी उभ्या राहून हसत होतो.

सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं सात महिन्यांनंतरच्या मुलांसाठी असतं. नीट उकडून, कुस्करून, भातात कालवून द्या. नवऱ्याच्या ताटात जाऊ देऊ नका.

घाटमाथा

ताई तुम्ही आमच्या घरी या हो. वरणाच्या वरच्या पाण्यावरून आमच्याकडे महाभारत झालंय.

निळासावळा

बाबांनी लिहिलं तर चालेल ना? आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो. इथे पहिलं खाणं दुपारी: गाजर, बटाटा, मांस असं एकत्र शिजवून गुळगुळीत केलेलं. महिनाभराने संध्याकाळी दूध-धान्याची लापशी, त्यानंतर महिनाभराने तिसरं, धान्य आणि फळ. आम्ही मांस खात नाही, तर इथल्या डॉक्टर म्हणाल्या ओट नाहीतर बाजरीसारखं एक पिवळं भरड धान्य असतं ते घाला, लोहासाठी, आणि बरोबर संत्र्याचा रस दोन चमचे.

गंमत सांगतो. इथे तयार खाण्याची बरणी १९० ग्रॅमची मिळते. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघायच्या आणि दर वेळी, "अहो जावईबापू, तळाशी राहिलंय बघा." मी दोन महिने लिहून ठेवलं. एके दिवशी ६० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी अख्खी बरणी, दात येत होते त्या आठवड्यात नुसतं दूध. महिन्याची बेरीज मागच्या महिन्याइतकीच! तो कागद मी सासूबाईंना कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. तेव्हापासून त्या फक्त "खेळतोय ना?" एवढंच विचारतात. त्यांची काळजी कळते मला. नातू सात हजार किलोमीटर लांब आणि हातात फक्त स्क्रीन.

रातराणी२

माझा अनुभव सुखाचा नाही, पण लिहितेच, कुणाच्या उपयोगी पडेल. मुलगा खाण्याला नाही म्हणायचा म्हणून मी दूध देत गेले. अकराव्या महिन्यात दिवसाला म्हशीच्या दुधाच्या पाच बाटल्या. गुटगुटीत दिसायचा, सगळे कौतुक करायचे. मग तो भिंतीचा पोपडा चाटायला लागला. नखं पांढरी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो आणि दुधात लोह नसल्यासारखंच. शिवाय दुधाने पोट भरलेलं, म्हणून जेवण नको. मी समजत होते खात नाही म्हणून दूध देते. तो दूध पितो म्हणून खात नव्हता.

लोहाचे थेंब सुरू झाले (शी काळी होते, घाबरू नका), दूध दोन कपांवर आणलं. पहिले चार दिवस तो रडला आणि मीही. पाचव्या दिवशी वरणभात स्वतःच्या हाताने ओढून घेतला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आलं. आज सहा वर्षांचा आहे. तरी मी त्याची नखं बघतेच.

पाळण्याचीदोरी

रातराणी 🙏 घट्ट मिठी. तुझी काहीच चूक नव्हती. म्हशीचं दूध म्हणजे ताकद असंच ऐकत मोठ्या झालो आपण.

सड्यावरची

लापशी वरून आठवलं. आमच्याकडे रत्नागिरीत खिमट. आजी करायची, आता मी करते नातवाला. तांदूळ चार वाट्या, मुगाची डाळ एक, थोडं जिरं. धुवून सावलीत फडक्यावर वाळवायचं, मंद आचेवर तांदूळ फुलेस्तोवर भाजायचं, रव्यासारखं दळायचं. दोन चमचे घेऊन आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात, मग सतत ढवळत शिजवायचं. भाजलेल्या तांदळाचा वास सुटला की नातू रांगत चुलीकडे... म्हणजे गॅसकडे. वरून लोणकढं तूप. मीठ नाही हो, सून वर्षापर्यंत घालू देत नाही. मी आधी रुसले होते. मग एकदा बिनमिठाचं स्वतः खाऊन पाहिलं, तांदळाची गोडी लागते की छान! त्याला कुठे माहीत आहे मीठ.

मेतकूटभात

काकू प्रमाण लिहून घेतलं. नाचणी सत्व पण सांगा ना. माझं दर वेळी लगदा होतं.

ताई_जव्हार

नाचणीला मोड आणून वाळवून दळा. मोडाचं पीठ शिजल्यावर सैल राहतं, साध्या पिठासारखं गोंद होत नाही. त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि लेकराला गिळताही येतं.

मांडवीकाठ

गोव्यात आमचं तिझान. नाचणी, नारळाचा रस, गूळ. डॉक्टरांनी गूळ काढायला लावला, वर्षाआधी साखर-गूळ नको म्हणून. आईने पिकलं केळं कुस्करून घातलं, लेकीला फरक कळलाच नाही.

आडगावचापाऊस

आमची बत्तिसाव्या आठवड्यात झालेली, दीड किलोची. शेजारपाजारचे कॅलेंडर बघून "सहा महिने झाले, उष्टावण कधी?" मी तिची मान बघत होते. आमच्या डॉक्टरांनी जन्मतारखेचे नाही, ड्यू डेटपासूनचे महिने मोजायला सांगितले होते. मान सावरली, आधाराने बसायला लागली, आमच्या ताटाकडे झेपावली, तेव्हा सुरू केलं. पहिल्या दिवशी अर्धा चमचा रताळं. अर्धा! तेवढ्यावर मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला होता.

वाळवणाचीखाट

मी परिचारिका आहे, म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवीन घास घेताना बाळ ओकारी काढतं, खोकतं, लाल होतं. ते शिकणं असतं. जवळ बसा, बोट घालू नका. पण आवाजच फुटत नसेल, खोकताही येत नसेल तर घास अडकलाय. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच दाब, आणि पुन्हा थापा. दुसऱ्याला ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावायला सांगा.

माझ्या पुतण्याला मोठ्या भावाने प्रेमाने शेंगदाणा भरवला होता. तिसऱ्या थापेला बाहेर पडला. तो एवढासा दाणा फरशीवर पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. अख्खे दाणे, चणे, न चिरलेली द्राक्षं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दाण्याचं बारीक कूट खिचडीत घाला.

मेतकूटभात

बापरे. हे वाचून आत्ता डबा वरच्या फळीवर ठेवला.

पाळण्याचीदोरी

आमचा घरी नाही खात, पाळणाघरात खातो. काकूंनी गुपित सांगितलं: पाच मुलं गोलात बसतात, प्रत्येकापुढे थोडंसं, हातात एक एक पोळीचा तुकडा, आणि काकू स्वतःही त्यांच्याबरोबर जेवतात. वीस मिनिटांनी ताटल्या उचलतात, संपो न संपो. आता आम्ही घरी त्याला आमच्याबरोबरच जेवायला घेतो. फरशी रोज पुसावी लागते, पण भांडण संपलं.

कुणी मध चाटवला होता का हो पहिल्या दिवशी? आमच्याकडे आत्या हट्ट धरून बसल्यात.

वाळवणाचीखाट

वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यात जिवाणूंची बीजं असू शकतात, एवढ्या बाळाला ती घातक ठरतात. आत्यांना खिरीचं पहिलं बोट लावू द्या, मान राहील.

घाटमाथा

सोनचाफा चांदीची वाटी विभूतीने घास, लखलखेल. टूथपेस्ट नको. आणि ती वाटी केवढी आहे गं? आईची "वाटीभर" तीच असणार ना?

सोनचाफा

घाटमाथा, तुझं वाचलं आणि तशीच उठले. विभूतीने घासली, मग सिरपच्या टोपणाने पाणी ओतत गेले. दहा, वीस, तीस... सहाव्या टोपणाला काठोकाठ. ६० मिली. चार मोठे चमचे!

आईला दाखवलं. ती बराच वेळ वाटी हातात घेऊन बसली. म्हणाली, "हीच. हिच्यातलंच खायचीस तू. मी कधी मोजलीच नाही गं." मग लेकीला जवळ ओढून तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

रविवारी भाचीला याच वाटीतून खीर. वहिनीला अडीचशेची एक वाटीही घेतली आहे, आत अर्ध्यावर रेघ असलेली.

सड्यावरची

खिरीला तांदूळ जुना घे हो. नवा चिकट होतो.