झोन-१ ऐंशी टक्क्यांवरच का?
लाइनवर फॉल्ट (बिघाड) झाला की ब्रेकर उडवून वीज तोडायला सांगतो तो डिस्टन्स रिले. त्याचा पहिला झोन, म्हणजे लाइनचा जेवढा भाग तो लगेच ट्रिप करतो तो, लाइनभर का ठेवत नाहीत, असा प्रश्न आलाय. हा रिले व्होल्टेजला करंटने भागून फॉल्टपर्यंतचा इम्पीडन्स (तारेचा विद्युत अडथळा, त्यावरून अंतर कळतं) काढतो, पण सीटी-पीटीत (करंट आणि व्होल्टेज मोजण्याजोगं कमी करून देणारे ट्रान्सफॉर्मर) थोडी चूक असतेच. शंभर टक्के ठेवलं तर पुढच्या सबस्टेशनपलीकडच्या फॉल्टलाही आपलाच ब्रेकर उडायचा. म्हणून साधारण ८० टक्क्यांपर्यंत लगेच ट्रिप. उरलेला तुकडा दुसरा झोन ०.३ ते ०.५ सेकंद थांबून सांभाळतो.

आमच्या वाळव्याकडे (सांगली जिल्हा) खरी परीक्षा ऊसतोडीनंतर. पाचट पेटवलं (कृपा करून पेटवू नका, सरीत कुजवा) की ज्वाळा आणि काळा धूर थेट तारांना भिडतो, आणि फेजवरून जमिनीकडे आर्क बसतो. त्याचा रेझिस्टन्स मिसळला की फॉल्ट म्होच्या वर्तुळाबाहेर (इम्पीडन्सच्या आलेखावर रिले ज्या वर्तुळात ट्रिप देतो ते) जातो आणि रिले गप्प बसतो. आखूड लाइनला हे जास्तच. तिथे वर्तुळाऐवजी चौकोनी कॅरॅक्टरिस्टिकच (ट्रिपचा आकार) घ्या, ती रेझिस्टन्सच्या बाजूला रुंद ठेवता येते.