मामांचा जुना ट्रोम्बोन विकायचाय, मागे नंतर व्हॉल्व्ह बसवलाय, भाव कसा ठरवू?

मालवणकर७७:
नमस्कार मंडळी. मामा मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गावी परत आले तेव्हा ट्रोम्बोनपण (नळी पुढेमागे सरकवून फुंकायचं पितळी वाद्य) आला, आता मामा नाहीत आणि घरात वाजवणारं कोणी नाही. बेलवर (पुढच्या पसरट तोंडावर) ओल्ड्स हे कंपनीचं नाव आणि खाली फुलर्टन, कॅलिफोर्निया असं कोरलंय. पण कंपनीतून आला तसा नाहीये, डाव्या अंगठ्याने दाबायचा ट्रिगर आणि मागची वेटोळी नळी मामांनी नंतर बसवून घेतली, डाखाच्या खुणा दिसतात आणि तेवढा भाग जास्त पिवळा आहे. केसमध्ये एक वाकडी नळी सुटी पडलीये, कशाची देव जाणे. इथल्या एका दुकानदाराने पितळेचा वजनावर भाव सांगितला!! व्हॉल्व्ह काढून ओरिजिनल करून विकू की आहे तसा? आई म्हणतेय आधी आमसुलाने घासून लख्ख करूया मग फोटो काढ.

सावंतवाडीचो_झील:
आमसुलान घासू नको हां, वाट लागतली. समयी न्हय ती.

वसई_ब्रास:
वरचं बरोबर आहे. आंबट लावलं की उरलीसुरली लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) जाते, आणि ब्रासोने घासघास घासलं की कोरीव नाव पुसट होतं. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, बस.

फुलर्टन लिहिलंय म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, त्याआधी कारखाना लॉस एंजेलिसला होता, आणि १९७९ मध्ये कंपनीच बंद झाली. वजनावर देऊ नका कृपया.

व्हॉल्व्ह काढू नका. त्याला एफ अटॅचमेंट म्हणतात, ट्रिगर दाबला की साधारण ३ फूट नळी वाढते आणि स्वर चौथ्याने (सा वरून खालच्या प वर) खाली जातो, म्हणजे सरकती नळी सहाव्या पोझिशनपर्यंत (टप्प्यापर्यंत) हात ताणून नेल्यावर मिळणारा खालचा सी सूर पहिल्याच पोझिशनला मिळतो. वाजवणाऱ्याला हे हवंच असतं. ओरिजिनल मागणारे वेगळे, ते असल्या वाद्याला कमीच देणार, आणि तुम्ही खर्च करून परत जोडलंत तरी डाखाच्या खुणा त्यांना दिसणारच. ती सुटी नळी बहुतेक मूळची, व्हॉल्व्ह बसवताना काढलेली. टाकू नका, तिचा फोटो वेगळा द्या, ज्याला पूर्ववत करायचंय तो तिच्यासाठी चार पैसे जास्त देईल.

पण खरी किंमत स्लाईडची, म्हणजे सरकणाऱ्या नळीची. बेलला पोचा असला तर निघतो, स्लाईड वाकली तर खर्च आणि डोकेदुखी. बाहेरची काढून आतल्या दोन्ही नळ्या उजेडात बघा, प्लेटिंग (वरचा मुलामा) उडालंय का. मग परत घालून तेल द्या, आतल्या नळ्यांची वरची तोंडं अंगठ्यांनी घट्ट बंद करा, लॉक सोडा (खाली कोणालातरी हात धरायला सांगा नाहीतर पायावर पडेल). हळूहळू उतरली तर उत्तम, सटकन आली तर हवा गळतेय.

रत्नांग्रीचा_बँडवाला:
रेड रॉट पण बघा. पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबं उरतं, म्हणून गुलाबी ठिपके, मध्ये काळा बिंदू. ते आतून खात आलेलं असतं, घासून जात नाही. आपल्याकडची खारी हवा आणि आत राहिलेली थुंकी, दोन्ही त्याला पोसतात, आमच्या बँडमधल्या एका वाद्याची नळी बोटाने दाबली तर फुटली होती. व्हॉल्व्ह अडकला असेल तर पान्याने फिरवू नका, तेल टाकून रात्रभर ठेवा.
आणि मी घेणारा आहे. आतल्या नळीचा बोअर (आतला व्यास) व्हर्नियरने मोजून सांगा, १२.७ मिमीच्या आसपास असेल तर माझ्या कामाचा, १३.९ वाला मोठा मला वरातीत तीन तास फुंकवणार नाही.

मालवणकर७७:
मेकॅनिककडून व्हर्नियर आणून मोजला, १२.७ च भरला. स्लाईड हळू उतरते. गुलाबी ठिपके स्लाईडवर नाहीत, मागच्या वळणाच्या नळीवर दोन आहेत. व्हॉल्व्ह तेलाने सुटला. आईला आमसुलं परत बरणीत ठेवायला लावली.

रत्नांग्रीचा_बँडवाला:
दोन ठिपके आहेत म्हणून भावात थोडं कमी करावं लागेल हां भाऊ. पार्सलने पाठवू नका, रविवारी मीच येतो, माउथपीस माझा आणतो, वाजवून बघेन आणि तिथेच पैसे. सुटी नळी धरून आकडा मेसेज करा.

वसई_ब्रास:
आधी तुम्ही आकडा सांगू नका, त्यांना सांगू दे 😄