दोन नोडचं क्लस्टर, एकच सामायिक डिस्क: नोडची वीज गेली की फेलओव्हर अडतो, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आमच्या दूध संघाच्या संकलनासाठी दोन सर्व्हरचं (नोडचं) क्लस्टर उभं केलंय, म्हणजे एक बंद पडला की काम आपोआप दुसऱ्यावर जावं (फेलओव्हर). दोन्हींवर आरएचईएल ९ (रेड हॅटचं लिनक्स), क्लस्टर सांभाळणारं पेसमेकर आणि नोडमधला संपर्क ठेवणारं कोरोसिंक. डेटा वेगळ्या स्टोरेज बॉक्सवर. तिथला एक लन (डिस्कसारखा दिसणारा स्टोरेजचा तुकडा) आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून, दोन्ही नोडना दिसतो. त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारा थर), मग एक्सएफएस ही फाइलसिस्टिम, आत पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटा. एक्सएफएस एका वेळी एकाच नोडवर माउंट व्हायला हवी, म्हणून एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप सिस्टिम आयडी पद्धतीने (ज्या नोडचा आयडी त्यावर असेल त्यानेच तो वापरायचा) ठेवलाय आणि एलव्हीएम, फाइलसिस्टिम, पोस्टग्रेस, फिरता आयपी (सेवेबरोबर नोड बदलणारा पत्ता) हे एकाच रिसोर्स ग्रुपमध्ये बांधलेत. नोड स्टँडबायवर टाकला की सगळं बिनबोभाट दुसऱ्यावर जातं.

घोडं पेंड खातंय ते पुढे. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या मधल्या वेळेत चाचणी घेतली. पहिल्या नोडची क्लस्टरची नेटवर्क केबल काढली, तर दुसऱ्याने आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची सोय) त्याला रीबूट केलं आणि डेटाबेस स्वतःकडे घेतला. मग पहिल्याच्या दोन्ही पॉवर केबल उपटल्या. दुसरा ढिम्म! पीसीएस स्टेटसमध्ये पहिला नोड 'अनक्लीन' (स्थिती अनिश्चित), खाली फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बाजूला काढणं) फेल झाल्याची ओळ, ग्रुप जागचा हलेना. केबल परत लावून बीएमसी (आयपीएमआय चालवणारी सर्व्हरमधली चिप) जागा झाला, तेव्हा कुठे फेन्सिंग पास झालं.

म्हणजे नोड खरोखर मेला तरच फेलओव्हर होत नाही. मग एवढा खटाटोप कशाला, असं साहेब विचारतात, आणि त्यांचंही चूक नाही. व्हेंडर म्हणतो, "स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स करून टाका, सगळीकडे असंच चालतं." म्हणजे फेन्सिंगच बंद. मला ते पटत नाही, पण त्याला गप्प करेल असं ठोस उत्तर हवंय. फेन्सिंग बंद न करता वाट आहे का?

जाता जाता: बिलांच्या पीडीएफचा फोल्डर दोन्ही नोडवर एकाच वेळी हवाय. त्यासाठी जीएफएस२ (अनेक नोडवर एकाच वेळी माउंट होणारी फाइलसिस्टिम) घ्यावी का?

प्रतिसाद १

व्हेंडरचं अजिबात ऐकू नका. पहिला नोड दिसत नाही म्हणजे तो मेलाच असं नाही. नुसता अडकला असेल आणि मिनिटाभराने शुद्धीवर येईल. तेव्हा मेमरीत राहिलेले ब्लॉक तो लनवर ओतणार, आणि तोवर दुसऱ्याने तीच एक्सएफएस माउंट केलेली असणार. सिस्टिम आयडीही इथे वाचवत नाही. आधीच अ‍ॅक्टिव्ह असलेल्या व्हॉल्यूमवरचं लिखाण तो थांबवत नाही. पोस्टग्रेसच्या पीआयडी फाइलवर (तो आधीच चालू असल्याची खूण) भिस्त ठेवाल तर तिला दुसऱ्या मशीनवरची प्रोसेस दिसत नाही. डेटाची वाट लागल्यावर बॅकअपपर्यंत मागे जायचं, म्हणजे मधल्या संकलनाचा हिशोब गवळ्यांना कोण देणार? व्हेंडर?

तुमचा बीएमसी सर्व्हरच्याच विजेवर चालतो, तिथे गोम आहे. तो उत्तर देईना म्हणजे नोड बंद आहे की फक्त नेटवर्क गेलंय हे पेसमेकरला कळत नाही, म्हणून तो थांबतो. थांबतो ते बरोबरच. आयपीएमआय पहिली पातळी ठेवा आणि दुसऱ्या पातळीवर फेन्स_स्कझी लावा. यात प्रत्येक नोड लनवर आपली की (ओळखीची किल्ली) नोंदवतो. फेन्स करायची वेळ आली की दुसरा नोड पहिल्याची की काढून टाकतो आणि मग स्टोरेजच पहिल्याचं लिखाण नाकारतं. तो जिवंत आहे का, हे विचारायची गरजच उरत नाही. बॉक्सला स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (किल्ल्या नोंदवायची ही सोय) येतं का ते आधी एसजी_पर्सिस्ट कमांडने बघा. फेन्स_स्कझीच्या रिसोर्सला 'प्रोव्हाइड्स=अनफेन्सिंग' हा मेटा (गुणधर्म) हवाच, नाहीतर नोड सुरू होताना की नोंदवलीच जाणार नाही. मल्टिपाथ (लनपर्यंत एकाहून जास्त वाटा) असेल तर फेन्स_एमपाथ.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पीडीएफसाठी जीएफएस२ म्हणजे डीएलएम (नोडमधलं सामायिक लॉकिंग), एलव्हीएमलॉकडी (एलव्हीएमसाठीचं लॉकिंग), प्रत्येक नोडचं वेगळं जर्नल (बदलांची नोंदवही), एवढं सगळं सांभाळत बसा. त्यात फेन्सिंग अडकलं की डीएलएम धावत्या नोडचंही लॉकिंग थांबवतो. शिवाय रेड हॅटने आरएचईएल १० पासून जीएफएस२ ज्यात येते ते रेझिलियंट स्टोरेज अ‍ॅड-ऑनच बंद केलंय. बॉक्स एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची सोय) देत असेल तर फोल्डर सरळ तिथून माउंट करा.

अजून एक. दोघांमधली लिंक तुटली तर दोन्ही नोड एकमेकांना एकदमच मारतील. एका नोडच्या आयपीएमआय रिसोर्सला पीसीएमके_डिले_बेस (फेन्स करण्याआधीचा विलंब) देऊन ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बॉक्सला रिझर्व्हेशन येतं, एनएफएसही देतो. दुसरी पातळी लावून केबल उपटली, ग्रुप दुसऱ्यावर उठला! फक्त आयपीएमआयचा टाइमआउट संपेपर्यंत ताटकळावं लागतं. तो कमी केला तर चालेल?

प्रतिसाद १

पीसीएमके_रीबूट_टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो. कमी करता येतो, पण धडधाकट बीएमसीला नोड बंद करून परत चालू करायला किती वेळ लागतो ते आधी घड्याळ लावून मोजा आणि त्याच्यावर थोडी मोकळीक ठेवा. त्याहून खाली नेलात तर आयपीएमआय ठीक असतानाही प्रत्येक वेळी दुसऱ्या पातळीवर जाल.