शब्दचर्चा : ‘फ्रॉस्ट हीव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या मिनेसोटात जनरेटर, ट्रान्सफॉर्मर अशा उघड्यावरच्या यंत्रांसाठी काँक्रीटचा ओटा घालतात. त्यावर मराठीत टिपण लिहायचं आहे. हिवाळ्यात जमीन गोठून वर उचलली जाते, त्या ‘फ्रॉस्ट हीव्ह’ला ‘जमीन फुगणे’ चालेल का?

उत्तर : ‘फुगणे’ नको. आपल्याकडे काळी माती पाणी पिऊन फुगते, वाचकाला तेच आठवेल. इथलं कारण निराळं आहे. गोठताना पाणी जेमतेम ९ टक्के वाढतं, तेवढ्याने ओटा दोन-तीन इंच वर येत नाही. गोठलेल्या थराकडे खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून चढत राहतं, बर्फाच्या आडव्या चकत्या जाड होत जातात आणि वरचं सगळं उचलून धरतात. म्हणून ‘गोठउचल’.

उत्तर : ‘गोठउचल’ आवडला. ती सगळ्यात जास्त गाळवट मातीत होते. वाळूत पाणी फारसं चढत नाही. चिकणमातीत चढतं, पण फार सावकाश.

प्रश्न : आणि ‘फ्रॉस्ट डेप्थ’?

उत्तर : ‘गोठणखोली’, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते ती खोली. मिनेसोटाच्या नियमांत ती उत्तर भागात ६० इंच, दक्षिणेत ४२ इंच धरतात. घराचा पाया त्याखाली नेतात. छोट्या ओट्याला बहुधा एवढं खोदत नाहीत, खालची माती बदलतात. गाळवट माती काढून किमान फूटभर स्वच्छ खडी, ओट्याच्या कडेबाहेरही तेवढीच, थराथराने कुटून. खडीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांच्या आत हवेत. खड्ड्यातून पाण्याला बाहेर वाट ठेवाच, नाहीतर चिकणमातीत तो खडीने भरलेला हौद होतो आणि हिवाळ्यात तोच गोठतो. खडीवर दोन इंची एक्सपीएस फोम (थंडी अडवणारे कडक फोमचे तक्ते) घालून तो कडेबाहेर दोन-चार फूट नेला, तर थंडी खाली कमी उतरते.

उत्तर : ओट्यासाठी बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम राखलेलं काँक्रीट वापरतात, त्या ‘एअर-एंट्रेन्ड’ला ‘हवायुक्त’ लिहू नका, लोकांना भिंतीचे हलके ब्लॉक वाटतील. ‘सूक्ष्मबुडबुडी काँक्रीट’ लिहा. हवा साधारण ६ टक्के. त्याने काँक्रीटचे पापुद्रे सुटत नाहीत, गोठउचल मात्र थांबत नाही. टिपणात हा फरक ठळक हवा.

उत्तर : एक बाजू खोल खांबांवर आणि दुसरी मातीवर, असा ओटा कधीच घालू नये. मातीवरची बाजू उचलली जाते, खांबांवरची जागीच राहते आणि मधोमध तडा जातो. खडबडीत खांबाला गोठलेली माती बाजूनेच पकडून वर ओढते, म्हणून वरच्या भागात गुळगुळीत नळीचा साचा वापरतात.

उत्तर : केबलच्या पाइपाला ओट्याखाली ‘सरकजोड’ (पाइप आत-बाहेर सरकू देणारा सांधा) द्या. पाइप काँक्रीटमध्ये घट्ट धरला, तर ओटा उचलला जाताना तो सांध्यात तुटतो आणि यंत्राला केबल जोडतात त्या टर्मिनलवर ताण येतो.